बिस्किटाला एकदाच विचारायचं

सोमवार, ३ मार्च

टाळ्या वाजल्या आज! बाल संरक्षण समन्वय समितीच्या बैठकीत — चक्क टाळ्या! मी समन्वयक झाल्यापासून तिथे फक्त खुर्च्या सरकवल्याचे आवाज ऐकले होते.

झालं असं. शाळेच्या बाई म्हणाल्या, माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी आहे. शाळा सुटली तरी घरी जात नाही. जिन्याखाली दप्तर मांडीवर घेऊन बसून राहते. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा स्वेटर घालते, आणि बाही वर कर म्हटलं की हात पाठीमागे नेते. त्यावर इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहो, आमच्याकडे पण एक मुलगी आली होती — मनगट मोडलेलं. वडील घेऊन आले, पण गृहस्थ तोंडातून शब्द काढेना. शेवटी आईला फोन लावला, ती म्हणाली जिन्यावरून पडली. आणि घर तळमजल्यावर! मग फौजदार खाकरले. त्यांच्याकडे शेजाऱ्यांची तक्रार — अमुक घरातून रोज बाईच्या ओरडण्याचा आवाज येतो. "बाई ओरडते म्हणजे नवरा मारत असणार. सरळ आहे."

मी तिघांना पत्ता विचारला. एकच पत्ता! मुलगी एकच! तिघं तीन वेगळ्या मुलींची काळजी करत बसले होते.

अध्यक्ष उठून उभे राहिले. "यालाच समन्वय म्हणतात!" मग टाळ्या. मग चहा. एकमेकांचं अभिनंदन. बैठक संपली.

जिना उतरून खाली आलो तेव्हा लक्षात आलं — तिच्या घरी कोण जाणार ते ठरलंच नाही.

मंगळवार, ४ मार्च

सकाळभर फोन.

फौजदार — "मी गेलो तर पोलीस आले असं होईल हो." मी म्हटलं, पण तुम्ही पोलीसच आहात ना? "म्हणूनच तर!"

डॉक्टरीणबाई — "ती सध्या आजारी नाही. आजारी पडली तर मी आहेच."

शाळेच्या बाई — "फाटकाबाहेर मला काही करता येत नाही. पण कुणीतरी जा हो. लवकर जा."

पाचवे सभासद समाजकल्याणाचे. त्यांच्या खात्याचं नाव म्हणता म्हणता धाप लागते, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात नुसतं कल्याण म्हणतो. कल्याण म्हणाले, "एकट्यानं कुणालाच जाता येणार नाही. एकदाच विचारायचं, आणि सगळ्यांनी मिळून. नियम आपलाच आहे."

आहे खरा. आणि चांगला आहे! पूर्वी एकेका पोराला चार कचेऱ्यांत तेच तेच सांगावं लागायचं. चौथ्या ठिकाणी पोर म्हणायचं, काही झालंच नाही. म्हणून ठरलं — मुलाला एकदाच विचारायचं. तो नियम झाला तेव्हा सगळ्यात आधी माझाच हात वर गेला होता.

बायको म्हणाली, "मग सगळे मिळून जा की. त्यात काय?"

बायकोला समितीचं काम कसं चालतं ते माहीत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

आजची बैठक मुलीला काय म्हणायचं यावर. खरं नाव बैठकीत घ्यायचं नाही, गुप्तता! बाईंनी 'चिमणी' सुचवलं. कल्याण म्हणाले, माझ्या धाकटीला घरी चिमणी म्हणतात, मला कसंतरी होईल. फौजदारांना आकडा हवा होता. डॉक्टरीणबाई आकड्याच्या विरोधात — "माणूस आहे ती!" अध्यक्षांनी टेबलावर नजर फिरवली, बशीवर थांबली, आणि निर्णय दिला — बिस्किट.

त्यामुळे पुढची चर्चा अशी झाली : बिस्किटाचं मनगट जुळलं आहे. बिस्किट वर्गात बोलत नाही. बिस्किटाचे वडील रोज फाटकापाशी उभे असतात. बिस्किटाला धोका आहे.

बशी मधोमध तशीच. कुणाचा हात पुढे होईना. चहा बिस्किटाशिवायच गेला सगळ्यांच्या घशाखाली. शेवटी फौजदारांनी एक उचललं, सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी ते परत ठेवलं.

सोमवार, १० मार्च

गाडी.

पोलिसांची जीप नको, मूल घाबरतं. रुग्णवाहिका नको, गल्ली गोळा होते. चालत जायचं तर आम्ही सहाजण, गल्लीत मोर्चा आल्यासारखं दिसेल. मग बाईंनी शाळेची बस सुचवली. पिवळी, ओळखीची, मुलांना आवडणारी. एकमत! सगळे इतके खूष की अध्यक्षांनी फौजदारांच्या पाठीवर थाप मारली. मग मी विचारलं, बस मोकळी कधी असते? बाई म्हणाल्या, शाळा चालू असताना.

म्हणजे बस मोकळी असते तेव्हा बिस्किट शाळेत. बिस्किट घरी असते तेव्हा बसला कुलूप.

मी म्हटलं, मग शाळेतच विचारू. कल्याण — "मुलाच्या रोजच्या जागेत विचारायचं नाही. उद्या तिला त्याच बाकावर बसायचं असतं." हेही बरोबरच! आमचा प्रत्येक नियम सुटा घेतला तर शहाणा आहे. एकत्र आले की वेड्यासारखं करतात. अगदी आमच्यासारखं.

शेवटी ठरलं की तिलाच समितीच्या खोलीत आणायचं. आणणार कोण? पालक. कुठला पालक? आईला विश्वासात घ्यावं असं सगळ्यांचं मत. बाई म्हणाल्या, आई फार गोड बोलते, रोज फोन करून विचारते, निघाली का, कुणाशी बोलत होती का. केवढी काळजी बिचारीला! पण आईला सांगितलं आणि तिनं भीतीनं नवऱ्याला सांगितलं तर? म्हणून तेही थांबलं.

बुधवार, १२ मार्च

अध्यक्ष कुठल्याशा प्रशिक्षणाहून आलेत. आता आधी तालीम! "एकदाच विचारायचं आहे, तर ते एकदाच नीट व्हायला हवं. चुकलो तर दुसरी संधी नाही." सगळ्यांच्या माना डोलल्या. माझीही.

विचारणारे फौजदार. (आवाज खालच्या पट्टीत ठेवायचा.) बाजूला डॉक्टरीणबाई. मागे बाई, ओळखीचा चेहरा म्हणून. कल्याण खिडकीशी, निरीक्षक. अध्यक्ष अध्यक्ष.

आणि मूल?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "तुमच्याकडे तसं स्वतःचं काम काही नाही. आणि उंचीही बरी आहे."

मी! चोपन्न वर्षांचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला! बालवाडीतून लाल प्लास्टिकची खुर्ची मागवली. तिच्यात मी बसलो तर गुडघे कानाला लागायला आले. तालीम झाल्यावर उठलो, तर खुर्चीही माझ्याबरोबर उठली. फौजदारांनी आणि कल्याणनी दोन बाजूंनी धरून ओढली. समितीतल्या दोन खात्यांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

घरी सांगितलं. बायको इतकी हसली की तिला उचकी लागली.

शुक्रवार, १४ मार्च

दुसरी तालीम. फौजदारांनी थेट विचारलं, "बाबा मारतात ना?" डॉक्टरीणबाई कडाडल्या — "तोंडात शब्द घालायचे नाहीत!" मग चर्चा. मग सुधारित प्रश्न असा : "घरी कुणाची भीती वाटते का? उदाहरणार्थ, बाबांची?" हा सर्वांना पसंत.

माझं उत्तर आधीच ठरवून दिलं होतं. मान खाली घालून 'हो' म्हणायचं.

बापाबद्दल कुणाच्या मनात शंकाच नाही. माझ्याही नाही. फौजदारांनी त्याला फाटकापाशी बघितला — "आडदांड आहे. नजर वर करत नाही. चेहराच सांगतो हो!" वेल्डिंगच्या दुकानात कामाला आहे. कामाच्या वेळी काम सोडून मुलीच्या शाळेसमोर उभा राहतो. माणूस असा पहारा कशाला करेल? पोरगी कुणाला काही सांगते का, हे बघायलाच!

सोमवार, १७ मार्च

आज विचित्र झालं.

खुर्चीत बसलो. समोर पाच जण. फौजदार वाकले, डॉक्टरीणबाई वाकल्या, बाई वाकल्या, अध्यक्ष पण वाकले. चहाचा वास, औषधाचा वास, खडूचा वास. पाच चेहरे, सगळे माझ्यावर, सगळे गोड हसताहेत. फौजदार म्हणाले, "घाबरू नकोस. आम्ही सगळे तुझ्या बाजूचे."

आणि माझ्या तोंडातून 'हो' निघेना. एका अक्षराचा संवाद! मी बुटांकडे बघत बसलो. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "तुमचं वाक्य." मला माहीत होतं माझं वाक्य. पण एवढ्या माणसांनी एवढं हसून विचारलं की सांगावंसं वाटतच नाही. पळून जावंसं वाटतं.

मी तसं सांगितलंही उठल्यावर. (खुर्ची लवकर सुटली, वजन कमी होतंय.) म्हटलं, हे असं चालणार नाही, कुणीतरी एकानं, साधेपणानं, तिच्याशेजारी नुसतं बसलं पाहिजे.

कल्याण म्हणाले, "मुलीची भूमिका करणाऱ्यानं सूचना करणं योग्य नाही."

मंगळवार, १८ मार्च

बायको — "काल कोण होतास?"

"मुलगीच."

"मग दूध पिऊन घे, बाळ."

हसलो. पण मग मला एकदम रडू आलं, कशाचं ते कळेना. तिनं गॅस बंद केला आणि शेजारी येऊन बसली. काही विचारलं नाही. बरं वाटलं.

शुक्रवार, २१ मार्च

बिस्किट आज शाळेत आली नाही.

सोमवार, २४ मार्च

आली. कानामागे काळंनिळं. बाईंचा फोन — "शुक्रवारी ती आली नाही, तेव्हा मी आईला फोनवर सहज म्हटलं, घरी सगळं ठीक ना, ती हल्ली गप्प असते. बस, एवढंच! आई नाही म्हणाली, सगळं छान आहे. आणि आज हे! तिनं घरी विषय काढला असेल आणि त्या राक्षसानं ऐकलं असेल. माझ्यामुळे झालं हो."

मी तडक अध्यक्षांकडे. म्हटलं, आता जायचं, आज, आत्ता, जीपनं, बसनं, हातगाडीवरून!

"तालमी पुऱ्या झालेल्या नाहीत. अर्धवट तयारीनं गेलो तर मुलीच्या मनावर परिणाम होईल."

मी ओरडलो. आयुष्यात कधी साहेबांवर ओरडलो नव्हतो! "तिच्या कानावर परिणाम झालाय आधीच!"

अध्यक्षांनी शांतपणे चष्मा पुसला. "तुमचा सूर बघा. आठ-नऊ वर्षांची मुलगी असा सूर लावेल का? भूमिकेत राहा."

मंगळवार, २५ मार्च

नियम मोडला. एकटा गेलो.

कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. दुपारी, मुलगी शाळेत असताना. घर नुसतं बघायचं, ओळखीची खूण ठेवायची, एवढंच मनात. तळमजला, हिरवं दार, बाहेर वाळत घातलेला तसलाच एक स्वेटर. आणि पायरीवर बाप बसलेला! कामावर का गेला नाही कोण जाणे. मला बघून उभा राहिला. खरंच आडदांड आहे. काय हवंय म्हणाला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी पत्ता विचारला, आणि डोक्यात दुसरा कुठलाच पत्ता येईना. आमच्याच कार्यालयाचा विचारला!

त्यानं दार ओढून घेतलं आणि माझ्याबरोबर चालू लागला. मी नको नको म्हणतोय. ऐकेना. माझ्याच कार्यालयाचा रस्ता मला दाखवत, प्रत्येक वळणावर थांबून मी येतोय का बघत, त्यानं मला माझ्याच दारात आणून सोडलं. वाटेत चकार शब्द नाही.

दारात मात्र थांबला. पाटी वाचली. परत वाचली. मग म्हणाला, "इथे कुणीही आलेलं चालतं का?"

मी म्हटलं, बैठकीच्या दिवशी. परवा, गुरुवारी आहे. का?

"काही नाही." आणि गेला.

ओळखलं त्यानं मला! धमकीच होती ती, दुसरं काय? बैठकीत येऊन धिंगाणा घालणार. फौजदारांना सांगायला हवं. पण सांगितलं तर एकटा गेलो होतो हे कळेल. त्यांना एवढंच म्हटलं, गुरुवारी कंबरेला काठी लावून या.

गुरुवार, २७ मार्च

अक्षर लागलं तर लागलं.

शेवटची तालीम. मी खुर्चीत. पाच जण वाकलेले. फौजदार आता इतके छान बोलतात, बायकोशी बोलत नसतील तसे. "घाबरू नकोस, बाळ. सांग. कुणी मारलं तुला?"

दार वाजलं नाही, नुसतं उघडलं. दारात बिस्किट.

स्वेटर, दप्तर. एकटी. सगळे जसे वाकलेले होते तसेच राहिले. तिनं आमच्याकडे नीट बघून घेतलं. कोपऱ्यात लाल खुर्चीत बसवलेला मी, भोवती पाच मोठी माणसं, एक खाकी कपड्यातलं, काठी लावलेलं, आणि ती सगळी मला विचारताहेत, कुणी मारलं.

ती सरळ चालत आली. डॉक्टरीणबाईंच्या आणि फौजदारांच्या मधून घुसली. माझ्या कानाशी तोंड आणलं. श्वास गरम होता. अगदी हळू म्हणाली,

"सांगू नकोस. सांगितलं की जास्त मार बसतो."

माझ्या बाजूनं बोलत होती ती! मला वाचवत होती!

काय करावं? मला दुसरं काही सुचलं नाही. इतके दिवस जे निघत नव्हतं ते एकदम निघालं. मोठ्यानं म्हणालो, "मला मारतात. रोज मारतात. मला घरी जायची भीती वाटते."

तिनं डोळे गच्च मिटले. आता माझ्यावर काठी पडणार, अशी वाट बघत उभी राहिली.

फौजदारांचा चेहरा मी विसरणार नाही. आडवातिडवा गडी, खाली जमिनीवर बसले. काठी काढून टेबलाखाली सरकवली. म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. आता कुणी हात लावणार नाही तुला." तालमीत नव्हतं हे वाक्य. कुणी कुणाला टोकलं नाही.

तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा.

मग कल्याणनी नियम काढलाच — पालकांच्या परवानगीशिवाय मुलीला संध्याकाळनंतर ठेवून घेता येत नाही, फक्त आजारी असेल तर — आणि मध्येच थांबले. डॉक्टरीणबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. थंडगार कपाळ! म्हणाल्या, "ताप आहे." बाईंनी हात ठेवला. "चांगलाच आहे." फौजदार — "पोळतंय." कल्याणनी दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "नोंद घ्या." अध्यक्ष उठले, वाकले, हात ठेवला, बराच वेळ ठेवला. "ताप आहे. एकमतानं." मी पण ठेवला. आमच्या समितीचा पहिला एकमताचा निर्णय, आणि तो धादांत खोटा! मला सगळ्यांना मिठी मारावीशी वाटली.

बाप खाली जिन्यापाशी उभा होता. त्यानंच आणून सोडलं म्हणे तिला. फौजदारांनी विचारलं, कशाला आणलीस? तर म्हणाला, "आज बैठक आहे ना." बघा निर्ढावलेपणा! फौजदारांनी दंडाला धरलं. त्यानं हात सोडवला नाही. जीपमध्ये बसताना मला शोधून काढलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. माझ्या अंगावर काटा आला.

शुक्रवार, २८ मार्च

बिस्किट इस्पितळात, खिडकीजवळच्या खाटेवर. सगळी समिती भेटीला. (रुग्णवाहिकेतून आलो सगळे! आता कुणाला काही वाटत नाही.)

दंडावरचे वळ डॉक्टरीणबाईंनी बघितले. त्यांना बाहेर येऊन भिंतीला टेकावं लागलं.

आई धावत आली. लहानखुरी, नीटनेटकी, गोड आवाजाची. रुमाल डोळ्यांना. "माझ्या लेकरासाठी तुम्ही केवढं केलंत." एकेकाजवळ जाऊन आभार मानले. अध्यक्षांनी तिला हात जोडले. शाळेच्या बाई तर तिच्या गळ्यात पडून रडल्या. बिस्किट डोळे मिटून पडली होती, झोपलेली. ताप नसला तरी थकवा असणारच.

खाटेशेजारीच उभ्या उभ्या बैठक झाली. सगळी खाती पटापट! फौजदार — बापाला इस्पितळाच्या आसपास फिरकू द्यायचं नाही. कल्याण — आईची राहायची सोय इथेच, मुलीच्या खाटेला लागून. डॉक्टरीणबाई — भेटीच्या वेळा आईला लागू नाहीत. बाई — शाळेतून कुणी येणार नाही, मायलेकींना निवांत राहू दे. विचारायची घाई नको, आईच्या कुशीत राहील दोन दिवस, मग तिला आईच्या समोर, एकदाच विचारू. मी सगळं जुळवलं. एवढ्या झरझर जुळलेलं काम मी नोकरीत बघितलं नाही. अभिमान वाटला. खरंच वाटला.

फौजदार सांगत होते, बाप कोठडीतही बोलत नाही. एकच वाक्य घोकतोय, तिला एकटं ठेवू नका, तिला एकटं ठेवू नका. मी म्हटलं, सांगा त्याला, एकटी नाहीये. आई आहे ना जवळ.

शनिवार, २९ मार्च

सुट्टी असून गेलो, नुसतं बसायला. आई खाली चहा आणायला निघाली. ती पाठमोरी झाल्याबरोबर बिस्किटानं डोळे उघडले. झोपलेली नव्हतीच. मला म्हणाली, "घरी गेल्यावर तुला मार बसला?"

"नाही."

"सांगितलंस तरी?"

"सांगितलं तरी."

तिनं दाराकडे बघितलं आणि उठून बसली.

"मग मी पण सांगते. पण पटकन हं — आई यायच्या आत."